समुद्रवाल्या बाई

बाईंच्या बालवाडीत चपला काढल्या की समुद्र सुरू व्हायचा.

घराच्या पुढच्या हॉलमध्ये वर्ग भरायचा. चारही भिंती खालपासून साधारण पोरांच्या डोक्याच्या उंचीपर्यंत निळ्या आणि त्याच्या वर पांढऱ्या. निळं ते पाणी, पांढरं ते आकाश. मुलं पूर्ण बुडालेली, आम्ही पालक कमरेपासून वर कोरडे. पहिल्या दिवशी मनूला सोडायला गेलो आणि उभ्याउभ्या तिला म्हटलं, "डबा संपव हं सगळा." तर बाई म्हणाल्या, "तिला ऐकू जात नाही. तुम्ही पाण्याबाहेर आहात."

मी हसलो. बाई हसल्या नाहीत.

"खाली बसून बोला," त्या म्हणाल्या.

बसलो. माझ्या गुडघ्यांनी त्यांचं मत मोठ्याने मांडलं. मग वर्षभर मी माझ्या पोरीशी त्या हॉलमध्ये उकिडवं बसूनच बोललो आणि त्यातून एक गोष्ट शिकलो, की उकिडवं बसून माणसाला रागावता येत नाही. रागवायला उंची लागते. हे मी घरी मोठ्या कौतुकाने सांगितलं, ती चूक झाली. तेव्हापासून माझा आवाज चढला की बायको शांतपणे जमिनीकडे बोट दाखवते.

नागपूरकराचा आणि समुद्राचा संबंध किती, तर लग्नानंतर एकदा आणि ऑफिसने प्रवासभत्ता दिला तर आणखी एकदा. देशाच्या ऐन मध्यावर बसलेलं गाव आमचं, कुठल्याही बाजूला निघालं तरी समुद्र सारखाच लांब. अशा गावात तीन-चार वर्षांच्या पोरांना अक्षरं, अंक आणि फळांची नावं शिकवायची सोडून ही बाई समुद्रातले जीव कसे सांभाळायचे ते शिकवत होती. मोहल्ल्यात तिला कोणी नावाने ओळखत नसे. समुद्रवाल्या बाई म्हटलं की रिक्षावाला दारात आणून सोडायचा.

बाईंची सगळी नोकरी टेलिफोनच्या ऑफिसात गेलेली. लांबलांबच्या गावांचे ट्रंक कॉल जोडून द्यायच्या. "नागपूरहून सगळं कुठे ना कुठे लागतंच," असं त्या म्हणायच्या, आणि ते फोनबद्दल आहे की पाण्याबद्दल, हे ऐकणाऱ्याने ठरवायचं. लग्न केलं नव्हतं. मुदतीआधी निवृत्ती घेतली, हॉल रंगवला आणि पोरं गोळा केली.

एकदा मी त्यांना विचारलं, "बाई, तुम्ही समुद्र पाहिलाय का?"

"तुम्ही तुमचं आतडं पाहिलंय?"

"नाही."

"पण सांभाळता ना?" एवढं बोलून त्यांनी माझ्या दातांकडे पाहिलं. तिथला तंबाखूचा रंग पाहून उदाहरण चुकल्याचं त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्या लगेच आत निघून गेल्या.

त्यांच्या समुद्रात प्राण्यांना नाती होती. देवमासा म्हणजे मोठे बाबा. कासव म्हणजे आजी. ऑक्टोपस मावशी, कारण घरात कार्य निघालं की तेवढे हात लागतातच. जेलीफिश म्हणजे पाहुणे, त्यांना लांबून पाहायचं, हात लावायचा नाही. शार्कशी बाई थोड्या अडल्या असाव्यात. शेवटी त्यांनी त्याला जावई केलं. आले की सगळे गप्प होतात, कोणी वाटेत जात नाही, पण मनाने वाईट नसतात.

त्या दिवाळीला माझी बहीण आणि तिचे यजमान अमरावतीहून आले. मनूने फाटकातून पाहिलं आणि घरात वर्दी दिली, "शार्क आले."

"काय म्हणून राहिली वं ही?" बहिणीने दारातच विचारलं.

"शाळेत शिकवतात," मी म्हटलं. याहून चांगलं उत्तर मला आजही सुचलेलं नाही. जावईबापूंचा मानपान रीतसर झाला. फक्त ते होते तोवर मनू त्यांच्या खुर्चीजवळून जाताना श्वास रोखून जायची.

बाईंचा सगळ्यात लाडका खेळ नदीचा. मुलं हात धरून रांगेत उभी राहायची. पहिलं पोर नाग नदी, जी आमच्या मोहल्ल्यामागून वाहते आणि जिला आम्ही सगळे नाला म्हणतो. दुसरं कन्हान, तिसरं वैनगंगा, चौथं प्राणहिता, पाचवं गोदावरी, आणि शेवटी समुद्र. बाई नागेच्या हातात एक पान द्यायच्या. नाग ते कन्हानला देई, कन्हान वैनगंगेला, असं करत पान समुद्रापाशी जायचं. समुद्र कायम शौर्य व्हायचा. तो अंगाने भरलेला होता आणि हलायचा कमी. मग एक दिवस बाईंनी पानाऐवजी दुधाची रिकामी पन्नी, म्हणजे प्लास्टिकची पिशवी, दिली. मग दुसरी, मग तिसरी. पोरं उत्साहाने पुढे सारत होती. शौर्यच्या हातात मावेनात तेव्हा त्याने त्या पोटाशी धरल्या, आणि थोड्या वेळाने त्याचा चेहरा वाकडा झाला.

"सगळे मलेच काहून देऊन राहिले?" तो म्हणाला आणि रडायला लागला.

बाई त्याच्यापाशी गेल्या, खाली बसल्या, आणि त्याच्या पोटावरची एकेक पन्नी काढून घेतली. मी दारात उभा होतो आणि नेमका तेव्हा मला खोकला आला.

माझ्या खोकल्याचं कारण खर्रा. नागपूरबाहेरच्यांसाठी सांगतो, की सुपारी, तंबाखू आणि चुना एका पातळ पन्नीत घालून पानठेल्यावर दोन्ही हातांनी घोटून देतात. खर्रा तोंडात जातो, पन्नी रस्त्यावर. निदान मोहल्ल्यात तरी मी तसंच करायचो. एका संध्याकाळी पानठेल्यासमोर मनू स्कूटरवर पुढे उभी होती. मी पन्नी टाकली. ती उतरली, पन्नी उचलली, झटकली आणि माझ्या शर्टाच्या खिशात ठेवली.

"आजी खाऊन टाकते ते," ती म्हणाली. "तिले वाटते पाहुणे आले. मंग तिचं पोट भरते आन् ती मरते."

पानठेलेवाला घोटता घोटता थांबला. "कोणाची आजी, भाऊ? पन्नी खाते?"

कासव जेलीफिश खातं आणि पाण्यातली पन्नी त्याला जेलीफिशच वाटते, हे मी त्याला समजावून सांगायचा प्रयत्न केला. तो पूर्ण ऐकून घेऊन म्हणाला, "बरोबर दवाखान्यात दाखवा त्याईले."

तेव्हापासून मी पन्नी खिशात ठेवू लागलो. खर्रा मी खातो ही गोष्ट, माझ्या समजुतीप्रमाणे, लग्न झाल्यापासून बायकोला माहीत नव्हती, ती पुढच्या धुण्याला बाहेर आली. आजी वाचली. माझं काय झालं ते सांगत नाही.

मोहल्ल्याच्या मंडळाचे अध्यक्ष वासुभाऊ. कळमन्याच्या बाजारात मिरचीचे अडते, आवाजही मालासारखाच. शौर्य हा त्यांचा नातू. मी मंडळाचा सचिव, म्हणजे खुर्च्या कमी पडल्या तर ज्याला बोलणी बसतात तो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. मोठा पोळा खऱ्या बैलांचा, तान्हा पोळा पोरांचा. पोरं चाकं लावलेले लाकडी बैल सजवून आणतात, तोरणाखाली रांग लागते, बक्षिसं होतात, मग पोरं बैल ओढत घरोघर जाऊन बोजारा मागतात. बोजारा म्हणजे पैसे, चॉकलेट, जे कोणी हातावर ठेवेल ते.

त्या वर्षी बाईंनी सुताराकडून पोरांसाठी चाकं लावलेली लाकडी कासवं करून घेतली.

मी त्यांना समजावायला गेलो. सवयीने खाली बसलो.

"बाई, पोळा बैलांचा असतो."

"का असतो?"

"बैल शेतात राबतो म्हणून."

"आणि पाऊस?"

"पाऊस ढगांतून."

"ढग कुठून?"

मी निळ्या भिंतीकडे पाहिलं.

"समुद्र दर वर्षी एवढा प्रवास करून आपल्याकडे येतो," बाई म्हणाल्या. "आणि परत जाताना आपण त्याच्यासोबत पन्नी बांधून देतो."

हे मी वासुभाऊंना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकलं.

"सचिव," ते म्हणाले, "आज कासव आणलं तं उद्या कोणी उंट आणन. जाऊन सांगा बाईले, तोरणाखाली कासव दिसलं का मी शौर्याले दुसऱ्या दिवशी तिथून काढतो. मंग पाहू किती पोरं राहते."

हे नुसतं बोलणं नव्हतं. वासुभाऊंनी नातू काढला असता तर निम्म्या मोहल्ल्याने आपली पोरं काढली असती. बरेच जण निमित्तच शोधत होते. चौकात नवी इंग्रजी नर्सरी निघाली होती आणि तिथल्या मुलाखतीत आमच्या एका पोराला मासा दाखवून "व्हॉट इज धिस" विचारल्यावर त्याने "मोठे बाबांचे पाहुणे" असं सांगितलं होतं. बाईंचा वर्ग त्या एका नातवावर उभा होता.

मी पुन्हा गेलो. बाईंनी कासवांच्या रांगेकडे पाहिलं.

"बैलच आणतील," त्या म्हणाल्या. "मी येणार नाही. सांगा त्यांना."

कासवं माळ्यावर गेली. मला माझ्या मध्यस्थीचा अभिमान वाटला आणि मी घरी जाऊन तसं बोललोही.

तान्हा पोळा छान झाला. आंब्याच्या पानांचं तोरण, रांगेत बैलच बैल, खुर्च्या पुरल्या. बक्षिसं वाटून झाली आणि पोरं बोजारा मागायला निघाली. बाईंनी आधीचे आठ-दहा दिवस वर्गात पोरांशी काय खेळून ठेवलं होतं, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं.

पहिलं घर आमच्या शेजारच्या काकूंचं. काकूंनी नोट पुढे केली.

"पैसे नको," मनू म्हणाली. "पन्नी द्या."

"कायची पन्नी वं?"

"दुधाची, ब्रेडची. कोणतीही चालते."

प्रत्येक स्वयंपाकघरात दारामागे एक मोठी पन्नी टांगलेली असते आणि तिच्यात बाकीच्या पन्न्या कोंबलेल्या असतात. कधीतरी कामी येतील म्हणून जमवतात, कामी कधीच येत नाहीत. काकूंना जन्मात पहिल्यांदा गिऱ्हाईक मिळालं होतं. त्यांनी ती सबंध पन्नी काढून बैलाच्या पाठीवर ठेवली. पुढच्या घरी तेच, त्याच्या पुढच्या घरी तेच. बायका पोरांना हाका मारून बोलवायला लागल्या. दिवेलागणीला पोरं परत आली तेव्हा बैल दिसत नव्हते, पन्न्यांचे ढीग आपल्या चाकांवर चालत येत होते. ते सगळे ढीग बाईंच्या ओट्यावर उतरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वासुभाऊ शौर्यला काढायला आले. साक्षीला मला घेतलं.

"बाई, तुमी शब्द देल्ला होता."

"पाळला. कासव आणलं नाही, मीही आले नाही."

"मंग हे काय हाय?"

"बोजारा आहे. मुलांचा."

बाईंच्या आवाजात ताठा नव्हता. त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या आणि शौर्यकडे पाहत होत्या. त्याचं दप्तर वासुभाऊंच्या हातात होतं.

"चाल बे घरी," वासुभाऊ म्हणाले.

शौर्य हलला नाही. "आबाजी, हे आता कुठं न्याचं?"

"कचरागाडीले देऊन टाकू."

"गाडीवाला कुठं नेते?"

"गावाबाहेर ढीग हाय, तिथं."

"पाणी आलं तं?"

शौर्य बोटांवर मोजत म्हणायला लागला, "मंग वाहून नागेत. नाग कन्हानले देते, कन्हान वैनगंगेले, वैनगंगा प्राणहितेले, प्राणहिता गोदावरीले." पाच बोटं संपली. "मंग माह्यापाशीच येते ना."

कळमन्यात दिवसभर भाव फोडणारे वासुभाऊ हातातलं दप्तर तोलत राहिले. त्यांनी ढिगाकडे पाहिलं, नातवाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं. मग त्यांनी दप्तर ओट्यावर ठेवलं आणि निघून गेले. दुपारी त्यांचा हमाल मिरचीची रिकामी पोती घेऊन आला. "भाऊनं पाठवला बारदाना," एवढाच निरोप होता.

वर्ग वाचला. पोत्यांत पन्न्या भरून झाल्यावर बाईंनी मुलांना समोर बसवलं आणि सांगितलं, "ही पन्नी कासवआजीपर्यंत जाणार नाही. मी ठेवते." आम्ही पालकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवताना शिंका येत होत्या, मिरचीमुळे.

आम्हाला वाटलं होतं, बाई एक-दोन महिने ठेवतील आणि मग कोणी पाहत नसताना देऊन टाकतील. आपण असतो तर तेच केलं असतं. बाईंनी आधी भंगारवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "बाई, याचं वजनच भरत नाही." दुसऱ्या एकाने दोन पोती उचलली. बाई ऑटो करून त्याच्या मागे कन्हानपर्यंत गेल्या, तो ती काठावर पेटवायला निघालेला पाहिला, आणि तीच पोती त्याच ऑटोत घालून परत आणली. ऑटोवाला पुढे कित्येक दिवस सीताबर्डीच्या स्टँडवर सांगत होता, "जातानी सवारी, येतानी सवारी आन् तिचा कचरा. पण भाडं बरोबर देल्लं, बोलाचं काम नाई."

तान्हा पोळा दर वर्षी येतो. मनूची बॅच गेली, नवी पोरं आली, त्यांनीही पन्नीचाच बोजारा मागितला. मोहल्ल्यातल्या बायका आता वर्षभर जमवून ठेवायच्या. दर वर्षी हमाल बारदाना घेऊन यायचा. आधी पोती मागच्या खोलीत होती, मग मधल्या, मग हॉलच्या एका भिंतीला. निळा रंग मिरचीच्या पोत्यांमागे एकेक हात जात गेला. पोरांना बसायला जागा कमी पडू लागली, तशी बाईंनी पोरं कमी घेतली. शेवटी एका जूनमध्ये फाटकाला कागद लागला, की यंदापासून वर्ग नाही.

मी चौकशीला गेलो. खाली बसायलाही जागा नव्हती, म्हणून पहिल्या दिवसानंतर प्रथमच त्या हॉलमध्ये उभ्याने बोललो.

"बाई, पोरांसाठी पोती काढायची, की पोत्यांसाठी पोरं?"

"मुलं काय, दुसरीकडे कुठेही बसतील," बाई म्हणाल्या. "यांना दुसरं कोण ठेवून घेईल?"

यावर मी काहीतरी बोललो असतो, पण शिंक आली.

मग बाईंचेही गुडघे गेले. काकीनाड्याला त्यांची भाची असते, तिचा नवरा तिकडे बंदरात नोकरीला. ती न्यायला आली. बाई जायला तयार होईनात. पोती कोण पाहील, हेच एक. भाची बिचारी सरळ मुलगी. तिने वासुभाऊंच्या फोनवरून एक ट्रक ठरवला, पोती उचलून घर मोकळं करायला. ट्रक सकाळी आला. बाई ओट्यावर खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि भाचीशी बोलत नव्हत्या. हमालाने पहिलं पोतं खांद्यावर घेतलं तेव्हा त्यांनी मान दुसरीकडे वळवली.

फाटकापाशी शौर्य उभा होता. आता अकरावीत आहे, मिशी फुटलेली, अंग तेवढंच. शेजारी मनू.

"कुठं नेऊन राहिले, दादा?" शौर्यने ट्रकवाल्याला विचारलं.

"कुठं म्हंजे? जिथं कचरा जाते तिथं."

शौर्य हमालापाशी गेला आणि पोतं आपल्या खांद्यावर घेतलं. ते घेऊन तो फाटकाबाहेर पडला, रस्ता ओलांडला आणि स्वतःच्या घरात शिरला. वासुभाऊ दारात आरामखुर्चीवर होते. त्यांनी पाय आखडून वाट दिली.

"देवघराच्या मागं ठेव," ते म्हणाले. मग ट्रककडे पाहून मोठ्याने, "अजून दोन इकडं आण गा."

मग शेजारच्या काकू आल्या. "एक मले द्या. पलंगाखाली जागा हाय." त्यानंतर रांगच लागली. बाई एकेका घराकडे बोट दाखवून सांगत होत्या, "त्यांना लहान द्या, त्यांच्याकडे पाळणा आहे." मी मागेमागे राहायचा प्रयत्न केला, पण मनूने माझ्याही वाट्याचं पोतं घेतलं होतं. ते आमच्या दिवाणाखाली आहे. पाहुणे दिवाणावर बसले की शिंकतात आणि लवकर उठतात. बायको म्हणते, एवढा चांगला उपयोग मिरचीचा कोणी केला नव्हता. मनू म्हणते, काहीतरी उपाय निघेल, तोवर ठेवायचं. तोवर म्हणजे केव्हापर्यंत, ते मी विचारत नाही.

ट्रक रिकामा गेला. त्याच संध्याकाळी बाई गाडीत बसल्या.

आता दर रविवारी काकीनाड्याहून फोन येतो. बाई तब्येत विचारत नाहीत, पोतं विचारतात. उंदीर लागले का, ओल आली का. मी उत्तरं देतो. पहिल्या फोनवर मी विचारलं होतं, "बाई, समुद्र कसा आहे?"

"बरा आहे," त्या म्हणाल्या. "थोडा मोठा वाटला."

गोदावरी तिथूनच जवळ समुद्राला मिळते. म्हणजे आमच्या नाल्यात जे पडतं ते वाहत वाहत जिथे पोचायचं, नेमक्या तिथे बाई जाऊन बसल्या आहेत. रोज सकाळी काठी टेकत किनाऱ्यावर जातात आणि वाहून आलेल्या पन्न्या काठीने उलटून पाहतात. तेलुगू अक्षरं असली की सोडून देतात.

"ती त्यांच्या बाईंनी बघावी," त्या म्हणतात.

मराठी अक्षर शोधतात. मी दर रविवारी ऐकतो, "आज आपली एकही नव्हती," आणि म्हणतो, "नसणारच, बाई." आमच्या नाल्याच्या पुलावरून रोज जातो मी. पण फोनवर माणसाने काय काय सांगायचं.

गेल्या रविवारी फोन वेळेच्या आधी आला. आवाज वेगळा होता.

"एक मराठी सापडली," बाई म्हणाल्या.

मी दिवाणावर बसलो. मनू अभ्यास सोडून माझ्याजवळ आली.

"चिवड्याची होती," बाई पुढे म्हणाल्या. "मला खाली वाकता येईना. एका कोळणीला हाताने खुणा करून उचलायला लावली, चष्मा पुसून वाचली. पत्ता नाशिकचा निघाला."

"नाशिकचा?"

"नाशिकचा. गोदावरी तिकडूनच येते ना. आपली नाही." एवढं बोलून त्या जरा थांबल्या. दम खात होत्या, पण खुशीत होत्या, हे फोनवरही कळत होतं. मग एकदम कामाच्या आवाजात म्हणाल्या, "बरं, मला सांगा, नाशिकला तुमच्या ओळखीचं कोणी आहे का? हॉल मोठा हवा."